तसबिरीचा मोबदला

दलित साहित्याच्या समीक्षेने शब्दाची जात विचारली. कोण लिहितो, कोणासाठी लिहितो, कोणाच्या जगण्यातून लिहितो, हे प्रश्न तिने मराठी वाङ्मयापुढे ठेवले आणि प्रस्थापितांना त्यांची उत्तरे देणे भाग पडले. रंगरेषेला मात्र हे प्रश्न आपण अजून नीट विचारलेले नाहीत. 'गोलपिठा' (१९७२) आणि 'बलुतं' (१९७८) यांवर आपल्याकडे चर्चा झाल्या, प्रबंध झाले. ज्या खोलीत बसून आपण ही पुस्तके वाचली, त्या खोलीच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरीवर मराठीत फारच थोडे लिहिले गेले. दलित कला आणि दृश्यप्रतिमा यांवर गॅरी टार्टाकोव्ह यांनी संपादिलेला ग्रंथ २०१२ साली आला, तोही इंग्रजीत.

महाराष्ट्रात बौद्धाच्या घरी गेल्यावर बहुधा दोन तसबिरी दिसतात. एक तथागताची, दुसरी बाबासाहेबांची. घरातली तसबीर छापील असते. परंतु विहारात, समाजमंदिरात, वसतिगृहाच्या सभागृहात, युवक मंडळाच्या खोलीत अनेक वर्षे हाताने रंगवलेली तसबीर असे. काही ठिकाणी ती अजून आहे. तिच्या उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कोणाची तरी सही असते, पुढे 'आर्ट्स' असा शब्द असतो आणि साल असते. वर्षानुवर्षे आपण त्या चित्राला हार घातला. ती सही आपण वाचली नाही. हे चित्र ज्याने काढले त्याचे पोट त्यावर भरले का, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो मी अर्थशास्त्राचा म्हणून विचारत नाही. समीक्षेचा म्हणून विचारतो आहे. व्यक्तिचित्राचे रूप आणि व्यक्तिचित्रकाराचा मोबदला यांचा संबंध फार जवळचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

व्यक्तिचित्रात तीन माणसे असतात. एक काढणारा, दुसरा ज्याचे काढले तो, आणि तिसरा पैसे देणारा. कलेचा इतिहास पहिल्या दोघांविषयी बोलतो. तिसऱ्याला तो 'आश्रयदाता' असे भारदस्त नाव देऊन आभाराच्या पानावर बसवतो. वास्तविक चित्राचा आकार, पोशाख, दागिने, चेहऱ्यावरचा भाव, एवढेच काय, कातडीचा रंगही पुष्कळदा हा तिसरा माणूस ठरवतो.

पाश्चात्य पद्धतीची तैलचित्रे आपल्याकडे रुजली त्या काळात हा तिसरा माणूस बहुतांशी संस्थानिक, इंग्रज अधिकारी किंवा शेठ होता. आणि बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा हे एकच असत. ज्याच्याकडे पैसा त्याचेच चित्र. राजा रविवर्मा (१८४८-१९०६) यांनी बडोद्याच्या गायकवाडांसह अनेक राजघराण्यांची व्यक्तिचित्रे काढली. आबालाल रहिमान कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी होते. 'पदरी असणे' हा शब्दप्रयोगच बोलका आहे. पदर मायेचा असेल तर चित्रकार तरला. पदर सरकला की तो उघड्यावर. शाहू महाराजांसारखा राजा प्रत्येक संस्थानाला मिळत नाही.

आणि एवढा आश्रय असूनही केवळ व्यक्तिचित्रांवर जगलेले चित्रकार मोजकेच. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला आणि त्यांची देवदेवतांची चित्रे घराघरांत गेली. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टची नोकरी होती. त्यांच्या आत्मकथनाचे नावच 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' असे आहे. सावळाराम हळदणकरांनी १९०८ साली मुंबईत स्वतःचा कलावर्ग काढला. म्हणजे कोणाला छापखान्याचा टेकू, कोणाला सरकारी पगाराचा, कोणाला शिकवणीचा. या टेकूंमुळे त्यांची कला हलकी ठरली नाही, ठरूही नये.

आता वस्तीतल्या पेंटरकडे पाहा. त्यालाही टेकू होता. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीच्या भिंती. या टेकूंवर उभे राहून तो बाबासाहेबांचे चित्र काढी. परंतु त्याच्या बाबतीत टेकू हीच त्याची ओळख ठरली. धुरंधर 'शिकवतही असत', आणि हा 'पाट्याच रंगवतो'. हे 'ही' आणि 'च' मराठी कलासमीक्षेने कोणत्या तराजूत तोलून वाटले? मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवून दिवस काढले, ही हकीकत आज कौतुकाने सांगितली जाते. कारण पुढे ते फलकांपासून दूर गेले. जो फलकांपाशीच राहिला त्याच्या हकीकतीला कौतुक नाही. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींनी नाटकांचे पडदे रंगवले, 'सैरंध्री' (१९२०) काढला, आणि 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव झाले. तोच शब्द तालुक्याच्या गावात 'ए पेंटर' अशी हाक होतो. शब्द एक, पण प्रतिष्ठा कोणाच्या वाट्याला किती, हे शब्द ठरवत नाही.

कलाशाळांतील शिक्षणाची आणखी एक बाजू आहे. जे. जे. स्कूल १८५७ साली सुरू झाले. माणूस समोर बसवून त्याचे डोके, त्याचा देह काढायचा, ही तिथली शिस्त. समोर कोण बसे? तासावर बसायला तयार असलेला गरीब माणूस. त्या अभ्यासचित्रांना नावे मिळाली ती 'म्हातारा', 'फकीर', 'मोळीविकी' अशी. पैसे देऊन बसलेल्याचे नाव चित्राखाली आले, पैसे घेऊन बसलेल्याचे नाव आले नाही. मी त्या चित्रांमधले कौशल्य नाकारत नाही. सुरकुत्यांवर पडलेला तो प्रकाश खरा आहे. परंतु श्रमणाऱ्या माणसाचा चेहरा या परंपरेने सरावासाठी वापरला आणि इभ्रत दुसऱ्या चेहऱ्याला दिली, हे म्हटल्याशिवाय ती चित्रे पुरती वाचली असे होत नाही.

या पार्श्वभूमीवर बाबासाहेबांच्या तसबिरीने काय केले ते पाहावे.

कोल्हापूरच्या बिंदू चौकात १९५० साली महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे अर्धपुतळे उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पुढाकार माधवराव बागलांचा. ते स्वतः चित्रकार होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले, ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण झाले, आणि त्यानंतर वस्त्यावस्त्यांतून तसबिरीची मागणी सुरू झाली. दिल्लीत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात जेबा अमरोहवी यांनी काढलेले बाबासाहेबांचे तैलचित्र लागले ते १२ एप्रिल १९९० रोजी. तोपर्यंत चौतीस वर्षे ज्यांनी त्यांचा चेहरा भिंतीवर जिवंत ठेवला, त्यांत रोजंदारीवर जाणाऱ्या, गिरणीत खपणाऱ्या, रेल्वेत खलाशी असणाऱ्या माणसांची वर्गणी होती.

व्यक्तिचित्राच्या इतिहासात ही साधी घटना नाही. इथे तिसरा माणूस बदलला. पैसे देणारा राजा नाही, शेठ नाही; ज्याचे स्वतःचे चित्र कधी कोणी काढले नाही, असा समूह आहे. आणि तो स्वतःचे चित्र काढून मागत नाही. दुसरा आणि तिसरा यांची फारकत झाली. ज्याचे चित्र काढायचे तो हयात नाही. त्याला खूश करण्याचा प्रश्न नाही. जो पैसे देतो त्याला चौकटीत जागा नको आहे. दरबारी चित्रकलेत हे असे सहसा घडत नव्हते.

आमच्या मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी असे काम करणारे एक पेंटर होते. त्यांचे नाव मी इथे देत नाही. त्यांना ते आवडले नसते. त्यांना काम करताना मी विद्यार्थिदशेत अनेकदा पाहिले आहे. बाबासाहेबांचा एक जुना कृष्णधवल फोटो त्यांच्यापाशी होता. त्यावर पेन्सिलीने चौकटी पाडलेल्या. तेवढ्याच चौकटी ते मोठ्या प्रमाणात हार्डबोर्डवर किंवा अस्तर दिलेल्या कापडावर पाडत आणि एकेक घर मोजून रेषा उतरवत. ट्यूबमधले रंग महाग म्हणून मोठ्या भागांना डब्यातला ऑइल पेंट, आणि चेहऱ्यापुरते ट्यूबचे रंग. चष्मा ते सर्वांत शेवटी करीत. चष्म्याच्या काचेवरचा उजेड चुकला तर डोळे मरतात, असे ते म्हणत. चित्र झाले की वस्तीतली जुनी माणसे बघायला येत. त्यांत बाबासाहेबांना प्रत्यक्ष पाहिलेले एखाददुसरे असे. तो म्हातारा बराच वेळ उभा राहून म्हणे, "कपाळ अजून मोठं होतं साहेबांचं." पेंटर निमूटपणे कपाळ वाढवत.

याला आपण समीक्षा म्हणणार की नाही? मी म्हणतो. प्रदर्शनाच्या दालनात हातात यादी घेऊन फिरणाऱ्या आस्वादकापेक्षा त्या म्हाताऱ्याला चित्रातले अधिक कळत होते, असा माझा दावा नाही. परंतु त्याचे त्या चेहऱ्याशी नाते होते, आणि साम्य हे व्यक्तिचित्राचे पहिले मूल्य असेल तर साम्याचा न्याय करण्याचा अधिकार त्याचा होता.

या चित्रांवर एक आक्षेप नेहमी येतो. ही चित्रे फोटोवरून केलेली नक्कल आहेत, त्यांत निर्मिती नाही. आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. बाबासाहेबांचे बहुतेक प्रसिद्ध फोटो कृष्णधवल आहेत. त्यांत रंग नाही. आज आपल्या डोळ्यांपुढे येणारा निळ्या कोटातला, लाल टायमधला, हातात संविधान घेतलेला चेहरा कोणा एका फोटोतला नाही. तो रंगवणाऱ्यांनी घडवला आहे. १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा आणि पुढे रिपब्लिकन पक्षाचा झेंडा निळा. तो निळा कोटावर आला. उंचावलेले बोट पुतळ्यांतून चित्रांत आणि चित्रांतून पुतळ्यांत फिरले. ही एका माणसाची प्रतिभा नाही, अनेक हातांनी आणि अनेक वर्गण्यांनी मिळून केलेली निर्मिती आहे. लोकगीताला कर्ता नसतो म्हणून आपण त्याला नक्कल म्हणत नाही.

तरीही समीक्षेने गौरव करून थांबू नये. या तसबिरींतले दोषही आपणच सांगितले पाहिजेत, कारण बाहेरच्याने सांगितले तर ते हिणवणे होते. पहिला दोष कातडीचा. वर्षागणिक बाबासाहेब गोरे होत गेले. गालांवर गुलाबी छटा आली, ओठ रेखीव झाले. हे कोणी केले? काही अंशी पेंटरने, कारण बाजारातल्या देवादिकांच्या चित्रांतून तो रंग शिकला होता. काही अंशी आपण, कारण "जरा उजळ करा" असे सांगणारे आपणच होतो. ज्या समाजाला रंगावरून आणि जन्मावरून हिणवले गेले, त्याने आपल्या महापुरुषाला गोरे करून मान द्यावा, ही वर्णव्यवस्थेने आपल्या डोळ्यांत सोडलेली खूण आहे. दुसरा दोष ठरावीकपणाचा. वाचणारे, थकलेले, आजारी, हसणारे, कुत्र्याशी खेळणारे बाबासाहेब फोटोंत आहेत. चित्रांत ते फार कमी आले. मूर्ती झाली, माणूस मागे राहिला. तिसरा दोष सर्वांत मोठा. त्या चौकटीत रमाई क्वचित आली आणि आपली स्वतःची आई जवळजवळ आलीच नाही. आई वारल्यावर तिचा रेशनकार्डावरचा फोटो मोठा करून घेतला, तेवढेच तिचे व्यक्तिचित्र.

नागपूरच्या सवी सावरकरांसारख्या कलाशिक्षण घेतलेल्या चित्रकारांनी दुसरी वाट धरली. गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधलेला अस्पृश्य, देवदासी, असे विषय त्यांनी दालनांत नेले. या वाटेचे महत्त्व निर्विवाद आहे. पण ती चित्रे वस्तीच्या समाजमंदिरात लागत नाहीत, आणि समाजमंदिरातले चित्र दालनात जात नाही. या दोन भिंतींमध्ये पूल बांधणे हे समीक्षेचे काम होते. ते व्हायचे आहे.

आता मोबदल्याकडे येतो. वर मी वर्गणीचा गौरव केला. त्या वर्गणीची दुसरी बाजू सांगणे मला भाग आहे. मंडळाचे कार्यकर्ते पेंटरकडे जात. मंडपवाल्याचा दर ठरलेला, बँडवाल्याचा दर ठरलेला, लाउडस्पीकरवाल्याला आगाऊ रक्कम. पेंटरला मात्र म्हणत, "अहो पेंटर, समाजाचं काम आहे. तुम्ही तर घरचेच." रंगाचे पैसे मिळत. हाताचे मिळतीलच असे नाही. कधी शाल आणि नारळ. जयंतीच्या आधी आठ-आठ रात्री जागून काढलेल्या चित्राचा हिशेब जयंतीनंतर 'बघू' वर जाई. गावातला शेठ त्याच्या दुकानाच्या पाटीला घासाघीस करून का होईना, पैसे मोजत असे. म्हणजे पेंटरचे घर परक्याच्या पाटीवर चाले आणि आपल्या माणसांच्या तसबिरीत तो खोटीत येई.

या व्यवहाराला आपल्या इतिहासात नाव आहे. ते नाव वेठ. गावकीची कामे करायची, मोबदला ठरलेला नाही, मागितला तर उद्धटपणा, आणि दिला तर उपकार. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे बिल मांडले. कामाचा बोजा अमर्याद आणि मोबदला मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर, या व्यवस्थेला त्यांनी हात घातला होता. त्याच बाबासाहेबांचे चित्र काढणाऱ्याला आपण बलुत्यावर ठेवावे, यासारखी विसंगती दुसरी नाही. गावाने वेठ जबरदस्तीने घेतली; आपण ती भावनेच्या नावाने घेतली. घेणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी देणाऱ्याच्या चुलीला ते कळत नाही.

आणि याचा परिणाम चित्रावर झाला. ज्याला मोबदला नाही त्याला वेळ नाही. वेळ नसला की तोच फोटो, त्याच चौकटी, तोच निळा. नवा अभ्यास करायचा तर दहा फोटो जमवावे लागतात, दोन बोर्ड वाया घालवावे लागतात. ते परवडायचे कोणाला? तसबिरीत ठरावीकपणा आला त्याचे एक मोठे कारण प्रतिभेच्या अभावात नसून दराच्या अभावात आहे. म्हणून मोबदला हा सौंदर्यशास्त्राचाच प्रश्न आहे असे मी म्हणतो. शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आले. दलित दृश्यकलेचे सौंदर्यशास्त्र जो कोणी लिहील, त्याला पहिले प्रकरण दरावर लिहावे लागेल.

ज्यांना जमले ते पेंटर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा देऊन, पुढे कलाशिक्षकाची पदविका घेऊन शाळेत लागले. पगार आला. पुष्कळांचे ब्रश तिथेच वाळले, पण मुलांची शिक्षणे झाली; त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. उरलेल्यांवर दोन आघात झाले. १९९० नंतर निवडणुकीत भिंती रंगवण्यावर निर्बंध कडक झाले आणि एक हंगाम गेला. शतक बदलण्याच्या सुमारास फ्लेक्स आला आणि उरलेले हंगामही गेले. ज्याला आठ रात्री लागत ते तासाभरात छापून मिळू लागले. आता तर संगणक स्वतःच चित्र रचून देतो, आणि त्यातले बाबासाहेब पुष्कळदा आणखीच गोरे असतात.

यंत्राविरुद्ध माझी तक्रार नाही. यंत्राला नाकारणारी रडकथा आपल्या चळवळीला शोभत नाही. फ्लेक्स स्वस्त आहे आणि वर्गणी गरिबाची आहे. परंतु फ्लेक्सवर काय छापले जाते ते नीट पाहा. मध्यभागी किंवा वरच्या कोपऱ्यात बाबासाहेब. आणि खाली, पुष्कळदा त्यांच्याहून मोठा, हात जोडलेला 'शुभेच्छुक'. त्याच्या भोवती दहा-वीस चेहऱ्यांची रांग. ज्याने पैसे दिले तो चौकटीत परत आला. व्यक्तिचित्राच्या इतिहासात आपल्या गरीब वर्गणीदाराने जी एक मोठी गोष्ट केली होती, दुसऱ्या आणि तिसऱ्या माणसाची फारकत, ती फ्लेक्सने पुसून टाकली. संस्थानिकाची पद्धत नव्या कपड्यात वस्तीच्या तोंडाशी उभी राहिली. हाताने रंगवलेली तसबीर गेली याचे दुःख मला तिच्या रंगांसाठी नाही. तिच्यात पैसे देणाऱ्याने स्वतःला बाहेर ठेवले होते, यासाठी आहे.

मग करायचे काय? विद्यार्थ्यांनी आपल्या तालुक्यातल्या समाजमंदिरांत आणि विहारांत जावे, तसबिरीच्या कोपऱ्यातली सही आणि साल वहीत उतरवावे. ते पेंटर असतील तर त्यांना भेटावे, नसतील तर घरच्यांना भेटावे, आणि दर काय होता हे संकोच न करता विचारावे. मराठीच्या प्राध्यापकांनी आत्मकथनांवर जसे प्रबंध करवून घेतले तसे यावरही करवून घ्यावेत. जयंती मंडळांनी खर्चाच्या पत्रकात मंडपाच्या शेजारी चित्रकाराची ओळ घालावी, तिच्यापुढे ठरलेला आकडा लिहावा आणि तो वेळेवर द्यावा. नव्या चित्रकारांना एवढेच सांगणे की, बाबासाहेबांना सावळे काढा, म्हातारे काढा, वाचताना काढा. आणि त्यांच्या शेजारी आपल्या आईला बसवा, तिच्या नावानिशी. तिला 'मोळीविकी' म्हणू नका.

आणि त्या चित्राचे पैसे मागा. मागताना मान खाली घालू नका. ठरलेला मोबदला मागणे हे उपकार मागणे नव्हे, हे ज्याने आपल्याला शिकवले, त्याचेच चित्र तुम्ही काढता आहात.